हायवेवर सरळ पळणारी बाईक जव्हारच्या घाटात हट्ट का करते? विषय मागच्या टायरच्या आकाराचा आहे

पावसाळा लागला की शनिवार-रविवार जव्हारचा रस्ता बाईकवाल्यांचा असतो. मुंबई-ठाण्याची पोरं मनोर, विक्रमगड करत वर चढतात, नाशिककर त्र्यंबक-मोखाड्याकडून येतात. जयविलास पॅलेस, हनुमान पॉईंट, दाभोसा धबधबा आणि मग शिरपामाळ. सुरतेच्या स्वारीवर निघालेले शिवाजी महाराज या माळावर थांबले, जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांना मानाचा शिरपेच दिला आणि म्हणून हा शिरपामाळ, असं जव्हारकर सांगतात. सुरतेची ती स्वारी जानेवारी १६६४ मधली.

त्या वेळी याच डोंगरातून घोडे गेले. घोड्याला निदान स्वतःची अक्कल असते, वळण दिसलं की तो आपला आपण सावरतो. बाईककडे मात्र रस्त्याला टेकलेले रबराचे दोन तुकडे असतात. प्रत्येक तुकडा साधारण आपल्या तळहाताएवढा. वळायचं, थांबायचं, सावरायचं ते सगळं तेवढ्यावर.

आता होतं काय, की महामार्गावर लोण्यासारखी चाललेली बाईक घाटाच्या पहिल्याच वळणाला जड वाटायला लागते. आधी झुकायलाच तयार होत नाही, आणि झुकली की एकदम पडल्यासारखी आत जाते. मग कुणी हँडलच्या बेअरिंगला दोष देतं, कुणी सस्पेन्शनला. कधी कधी ते खरंही असतं. पण त्याआधी मागचं टायर बघायला हवं.

चारचाकीचं टायर समोरून पाहिलं तर सपाट असतं, डब्यासारखं. बाईकचं टायर करवंटीसारखं गोल असतं. कारण चारचाकी वळते ती चाकं फिरवून. बाईक थोडा वेग आला की वळते ती झुकून.

झुकल्यावर वळते कशी, हे घरात बघता येतं. फुलपात्र फरशीवर आडवं ठेवा आणि ढकला. ते सरळ जात नाही, गोल फिरतं. एका बाजूचा घेर मोठा, दुसऱ्या बाजूचा लहान, म्हणून. गोल टायर झुकलं की त्याचंही असंच होतं. टेकलेल्या भागाची एक कड मधल्या मोठ्या घेराची, दुसरी काठाकडच्या लहान घेराची, त्यामुळे टायर स्वतःहून वळणाच्या आतल्या बाजूला ओढ घेतं.

झुकायची सुरुवात तर त्याहून उलटी असते. उजवीकडे वळायचं तर हँडलची उजवी बाजू क्षणभर पुढे ढकलली जाते, चाक जरासं डावीकडे जातं आणि बाईक उजवीकडे कलते. आपण सगळे हे करतो, पण विचारलं तर कुणाला सांगता येत नाही. विमान उडवणारे विल्बर राईट मुळात सायकलच्या धंद्यातले. त्यांनीही हेच टिपून ठेवलं होतं, की सायकल चालवणारे हे करतात पण त्यांना ते माहीत नसतं.

किती झुकायचं याचं गणित ठरलेलं आहे. २० मीटर त्रिज्येचं वळण ताशी ३० किलोमीटरने घेतलं तर साधारण २० अंश झुकावं लागतं. तेच ५० ने घेतलं तर जवळपास ४५ अंश. ओल्या रस्त्यावर ४५ अंश म्हणजे शूटिंग नाही तर हॉस्पिटल.

टायर चौकोनी होतं म्हणजे काय?

रोजचं ऑफिस, उड्डाणपूल, मग मुंबई-अहमदाबाद महामार्ग. सगळं सरळ. सरळ चालताना टायरचा फक्त मधला पट्टा रस्त्याला घासतो, आणि इंजिनाची ताकद मागच्या चाकातून जात असल्यामुळे मागचं टायर जास्त झिजतं. हजारो किलोमीटरनंतर मध्ये सपाट पट्टा तयार होतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना धार. काठाकडची नक्षी मात्र नव्यासारखी. पंक्चरवालाही म्हणतो, अजून चालेल की.

सरळ रस्त्यावर ते चालतंही. किंबहुना सपाट पट्ट्यामुळे बाईक आणखीच सरळ धावते. घाटात मात्र झुकताना टायरला आधी ती धार ओलांडावी लागते, तोच हट्ट. धार ओलांडली की पलीकडे उतार, तिथे बाईक एकदम आत पडते. पुढचं टायर अजून गोल असल्यामुळे ते सावकाश झुकत असतं, म्हणजे दोन चाकांचं एकमेकांशी पटत नाही. आणि मागचं टायर धारेवर उभं असतं त्या क्षणी रस्त्याला टेकलेला भाग आणखी लहान झालेला असतो. वर पाऊस, शेवाळ, डोंगरातून वाहून आलेली माती.

रस्त्याला टेकणाऱ्या वस्तूचा आकार वळण ठरवतो, ही गोष्ट चाक नसलेल्या वाहनालाही लागू आहे. गुलमर्गला फिरायला गेलेल्यांनी स्नोमोबाईल पाहिली असेल. कॅनडाच्या जोसेफ-आर्मंड बॉम्बार्डिए यांनी १९५९ मध्ये स्की-डू बाजारात आणली आणि हे वाहन घरोघरी पोचलं. मागे पट्टा, पुढे दोन स्की. स्कीच्या तळाला नावेच्या कण्यासारखा उंचवटा आणि त्याखाली धातूची पट्टी असते. उंचवटा खोल असेल तर बर्फ घट्ट पकडतो, पण हँडल जड होतं. उथळ असेल तर हँडल हलकं, पण वळवलं तरी वाहन सरळच घसरत जातं. वर आधी गेलेल्या वाहनांच्या चरात स्की अडकते आणि हँडल हातातून डावी-उजवीकडे ओढलं जातं.

हा शेवटचा त्रास आपल्याकडेही आहे. डांबर खरवडून ठेवलेल्या रस्त्यावर पुढचं चाक वळवळतं ना, ते हेच. पुढच्या टायरवर उभ्या रेघांची नक्षी असेल तर जास्तच. अशा वेळी हँडल आवळून धरू नये, एकसारखा वेग ठेवावा, जोरात ब्रेक टाळावा.

आता जाड टायरची फॅशन. स्प्लेंडरच्या टायरवर ८०/१००-१८ लिहिलेलं असतं. म्हणजे रुंदी ८० मिलिमीटर, उंची रुंदीच्या १०० टक्के, रिम १८ इंच. त्याच अरुंद रिमवर भलतंच रुंद टायर चढवलं की रिम दोन्ही बाजूंनी ते चिमटते आणि कंपनीने दिलेली गोलाई बिघडते. शिवाय रुंद टायरला तेच वळण घ्यायला थोडं जास्त झुकावं लागतं. दिसायला भारी, घाटात पंचाईत.

तपासायला मेकॅनिक लागत नाही. बाईक मेन स्टँडवर लावा, मागे उकिडवे बसा आणि टायरची कड बघा. कमान दिसायला हवी. मग तळहात आडवा फिरवा, धार असेल तर हाताला कळते. नक्षीच्या खोबणीत झिजेची खूण सांगणारे छोटे उंचवटे असतात, मधला पट्टा त्यांच्या पातळीला आला की टायर बदलायचं, काठ कितीही चांगले असोत. हवा टायर थंड असताना भरायची, कंपनीच्या स्टिकरवर लिहिली असेल तेवढीच.

आणि बदललंत, तर लगेच दुसऱ्या दिवशी जव्हार गाठू नका. नव्या रबराचा वरचा थर गुळगुळीत असतो, पहिले शंभरेक किलोमीटर तो घासला जायला लागतात.