वाळूचा परवाना (लेखांक ७) : खड्डा भरला म्हणजे वाळू आली का?

प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्राचं प्रकरण या आठवड्यात उघडायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतो आहे. त्याला कारण आहेत पंढरपूरच्या खालच्या अंगाला भीमेकाठी शेती असलेले एक वाचक. गेल्या लेखांकातला जिल्हा सर्वेक्षण अहवाल वाचून त्यांनी विचारलंय : 'आम्ही लहानपणापासून बघतो, उन्हाळ्यात वाळू काढायची आणि पूर आला की पात्र पुन्हा भरायचं. नदीच देते आहे, तर मोजायची कशाला, आणि त्यासाठी अभ्यास कसला?'

या प्रश्नासाठी मी अख्खा लेखांक खर्ची घालणार आहे, कारण माझ्या मते वाळूच्या सगळ्या परवानग्या याच एका आकड्यावर उभ्या असतात. गटातून किती ब्रास काढायची, किती खोल जायचं, लिलावाची बोली कुठून सुरू करायची, पर्यावरण अनुमतीत काय लिहायचं, हे सगळं नदी वर्षाला किती वाळू परत आणते, म्हणजे पुनर्भरण किती होतं, त्यावर ठरतं. निदान ठरायला हवं.

भीमेचंच घेऊ. १९८० पासून वर उजनी धरण आहे. सांडव्यावरून पाणी येतं, वाळू येत नाही; जड कण जलाशयाच्या वरच्या टोकालाच खाली बसतात. उजनीच्या खाली नरसिंगपूरला नीरा मिळते, तेव्हा तिची वाळू तरी यायला हवी. पण नीरेवर वीर धरण आहे, त्याच्या वरच्या अंगाला भाटघर आहे, आणि नीरेला मिळणाऱ्या कऱ्हेवर नाझरे आहे. मग पंढरपूरच्या वाळवंटात नवी वाळू आणणार कोण? धरणांच्या खाली मिळणारे ओढे-नाले आणि ढासळणारे काठ. बस्स. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे त्या मानाने बरे. पावसाळ्यात बरगे काढलेले असतात, त्यामुळे पुरासोबत थोडीफार वाळू पुढे सरकते.

तरीही खड्डा भरतो, हे आमच्या वाचकांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे आणि ते खरंच आहे. फक्त तो कशाने भरतो ते बघायला हवं. पात्रात दोन-तीन मीटरचा खड्डा झाला की त्याच्या वरच्या कडेवर पाण्याला एकदम उतार मिळतो. पूर त्या कडेला कुरतडतो आणि ती कड प्रवाहाच्या उलट दिशेने, वरच्या गावाकडे सरकत जाते. कुरतडलेली वाळू खड्ड्यात पडते. तिथे ओझं टाकून मोकळं झालेलं पाणी पुढे गेलं की खालचं पात्र खरवडतं. म्हणजे गट भरला तो वरच्या गावाच्या पात्रातून आणि दोन्ही बाजूंच्या शेतांतून. नदीकडे एकूण वाळू वाढली नाही, ती इकडची तिकडे झाली. पात्राची पातळी सगळीकडे थोडी थोडी उतरली आणि काठच्या विहिरींचं पाणी तिच्या मागोमाग उतरलं. अशा गावात विहिरीला दर काही वर्षांनी आडवे बोअर का मारावे लागतात, याचं उत्तर पुष्कळदा पात्रात असतं.

म्हणून केवळ गटाच्या हद्दीत मोजून भागत नाही. वर आणि खालीही मोजावं लागतं. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०२० मध्ये वाळू उत्खननावर देखरेखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात पावसाळ्याच्या आधी आणि नंतर अशी पातळ्यांची मोजणी सांगितली आहे. पद्धत अवघड नाही. नदीला आडव्या ठरावीक रेषा घ्यायच्या, प्रत्येक रेषेवर काठापासून काठापर्यंत पातळ्या घ्यायच्या, पूर ओसरल्यावर त्याच रेषांवर पुन्हा घ्यायच्या. दोन्हींतला फरक म्हणजे आलेली किंवा गेलेली वाळू. टोटल स्टेशनने करा, डीजीपीएसने करा, कोरड्या पात्रावर ड्रोन फिरवा. अट एकच : दोन्ही वेळा बेंचमार्क तोच हवा आणि तो हलणारा नको. पुलाचा कठडा, देवळाच्या घाटाची पायरी, काठावरचा कातळ चालेल. वाळूत ठोकलेली खुंटी चालणार नाही. हे सांगायची वेळ यावी याचं आश्चर्य वाटत असेल तर चार अहवाल चाळून बघा.

पातळी चुकली तर काय होतं त्याचा हिशोब सोपा आहे. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. त्यावर वीतभर, वीस सेंटिमीटर चूक झाली की दोन हजार घनमीटरचा फरक पडतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. म्हणजे नदीत नसलेली सातशेहून जास्त ब्रास वाळू कागदावर आली, तीही एका हेक्टरवर. गट पाच हेक्टरचा असेल तर पाचाने गुणा. ठेकेदाराने पैसे भरलेत त्या ब्रासचे. ती वाळू गटात नसली की हायवा कुठे जातो, हे नदीकाठच्या वाचकांना मी सांगायला नको.

आता माझा आवडता राग. मोजणीचा कंटाळा आला की अहवालांत एक सूत्र येतं : डेंडी आणि बोल्टन यांचं. १९७६ सालचं आहे. अमेरिकेतल्या जलाशयांत साचलेल्या गाळाच्या नोंदी घेऊन या दोघांनी पाणलोटाचं क्षेत्र आणि वार्षिक अपधाव यांवरून गाळ किती येईल याचं समीकरण बसवलं. ज्या कामासाठी केलं त्याला ते ठीकच आहे. नवा जलाशय किती वर्षांत भरेल, याचा ढोबळ अंदाज त्यातून मिळतो. पण ते गाळ मोजतं, वाळू नव्हे. आपल्या दख्खनच्या पठारावरचा बसाल्ट झिजला की त्याची मुख्यतः चिकण माती होते, आपली काळी रानं त्याचीच. पुराचं गढूळ पाणी नेतं त्यात बराचसा भाग ही माती असते, आणि ती थेट समुद्राला किंवा पुढच्या धरणाला जाते. पात्रात तळाशी घरंगळत येणारी वाळू हा त्यातला लहान हिस्सा. सूत्राला हा फरक कळत नाही, आणि वरच्या धरणाची भिंतही त्याला दिसत नाही. पाणलोटातून धरणावरचं क्षेत्र वजा करायचं ते वापरणाऱ्याने.

पूर्व विदर्भात गणित वेगळं आहे. वैनगंगा, कन्हान या नद्या ग्रॅनाइट, नाइस आणि वालुकाश्मांच्या मुलखातून येतात, गारगोटीचे टणक दाणे घेऊन येतात. नागपूरचे बांधकामवाले कन्हानच्या वाळूचं नाव काढतात ते त्यामुळे. तिथे पुनर्भरणाचा आकडा मोठा निघाला तर मला नवल वाटत नाही. पण भीमा-गोदावरीच्या वरच्या खोऱ्यातला आणि भंडाऱ्याचा आकडा एकाच सूत्रातून एकाच पद्धतीने काढलेला दिसला, की तो अहवाल नदीवर जाऊन केलेला नाही, असं मी समजतो.

न्यायालयांनीही आता यात ढिलाई चालणार नाही असं सांगितलं आहे. दीपक कुमार प्रकरणातल्या निकालानंतर पाच हेक्टरच्या आतल्या गटालाही पर्यावरण अनुमती लागू झाली, ते आपण लेखमालेच्या सुरुवातीलाच पाहिलं. त्यापुढचं पाऊल २२ ऑगस्ट २०२५ चं. काश्मीरमधल्या शालीगंगा नाल्यातून श्रीनगरच्या रिंग रोडसाठी वाळू-खडी काढायची होती. जिल्हा अहवालात पुनर्भरणाची माहितीच नव्हती. तज्ज्ञ समितीला ही उणीव दिसली होती, तरी एक मीटरपेक्षा खोल जायचं नाही अशी अट घालून अनुमती दिली गेली. हरित लवादाने ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने लवादाचा निर्णय कायम ठेवला. झाडं तोडण्याआधी जंगल किती वेगाने वाढतं ते पाहतात, तसंच नदीचं, हा त्यामागचा विचार. पुनर्भरण अभ्यास नसलेला जिल्हा अहवाल ग्राह्य नाही, आणि खोलीची अट ही त्याची भरपाई नाही. त्याआधी ८ मे २०२५ ला उत्तर प्रदेशातल्या प्रकरणात याच न्यायालयाने सांगितलं होतं की मसुदा अहवालावर अनुमती देता येत नाही, आणि अंतिम अहवालाची मुदत पाच वर्षं.

धंदा करू पाहणाऱ्यांसाठी याचा अर्थ रोकडा आहे. आपल्याकडे बहुतेक गटांची अनुमती लिलावाआधी जिल्हा प्रशासन घेऊन ठेवतं आणि ठेका मिळाला की अटींसकट ती तुमच्या गळ्यात येते. अहवाल कच्चा निघाला तर अनुमती कोसळते, आणि तोवर अनामत, यंत्रं, मजुरांची उचल यात तुमचा पैसा अडकलेला असतो. तेव्हा बोली लावण्याआधी अहवालातलं पुनर्भरणाचं प्रकरण काढा. दोन मोजण्यांच्या तारखा आहेत का, त्यांच्यामध्ये पावसाळा आहे का, आडव्या रेषांचे नकाशे जोडलेत का, बेंचमार्क कुठे आहे, हे बघा. उपलब्ध खनिजाच्या साठ टक्केच काढण्याजोगं धरायचं असतं; तो साठ टक्क्यांचा हिशोब मोजलेल्या वाळूवर आहे की सूत्राच्या गाळावर, तेही बघा. यातलं काही नसेल तर माझा सल्ला : तो गट सोडा.

आणि भीमेकाठच्या आमच्या वाचकांना विनंती. अहवालाचा मसुदा जिल्ह्याच्या संकेतस्थळावर २१ दिवस हरकतींसाठी ठेवावा लागतो. गावातल्या कुणालाही त्यावर लिहिता येतं, आणि तुमच्या विहिरीची गेल्या काही वर्षांतली पातळी हा हरकतीला पुरेसा मजकूर आहे. तो लिहून द्या आणि पोच घ्या. संमतिपत्राचं पुढच्या आठवड्यात नक्की.