दूधसागर: धबधबा, रूळ आणि अरण्य

झांबेझी नदीवरील व्हिक्टोरिया धबधबा पाहण्यास गेलेल्या प्रवाशाला वन्यजीवही पाहता येतात. झांबियाच्या काठावर मोसी-ओआ-तुन्या राष्ट्रीय उद्यान आहे आणि धबधब्यालगतच्या दरीवर 1905 साली रेल्वेचा पूल बांधण्यात आला. अरण्य, धबधबा आणि लोहमार्ग यांचा असाच संगम गोव्याच्या पूर्व सीमेवर आढळतो.

मोले राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र 107 चौरस किलोमीटर आहे; भगवान महावीर अभयारण्यासह ते 240 होते. येथील दूधसागर सुमारे 310 मीटर उंचीवरून टप्प्याटप्प्याने कोसळतो. व्हिक्टोरियाची उंची 108 मीटरच असली, तरी त्याची रुंदी सुमारे 1,700 मीटर आहे. त्यामुळे केवळ उंचीची तुलना फसवी ठरते.

कुळे येथून परवानाधारक जीपगाड्या ओढे ओलांडत धबधब्यापर्यंत जातात. पावसाळ्यात ही वाट बंद असते, आणि धबधबा खऱ्या अर्थाने भरतो तो त्याच दिवसांत. तेव्हा तो रेल्वेच्या खिडकीतूनच पाहावा लागतो. रुळांवरून चालत जाणे बेकायदा आणि जीवघेणेही आहे.

आफ्रिकेतील माळरानांप्रमाणे प्राण्यांचे कळप दिसतील, अशी अपेक्षा येथे बाळगू नये. गवा, बिबट्या, शेकरू, नागराज हे सारे येथे आहेत. परंतु सह्याद्रीचे दाट रान त्यांना सहजी दिसू देत नाही. पुष्कळदा ओल्या मातीतील ठशांवरच समाधान मानावे लागते.

या रानातून लोहमार्गाचे दुपदरीकरण, महामार्गाचे रुंदीकरण आणि उच्चदाब वीजवाहिनी नेण्याच्या योजनांविरुद्ध 2020 साली गोव्यात मोठे आंदोलन झाले. वाहतुकीची क्षमता वाढवणे हा रेल्वेचा युक्तिवाद होता. हा खटाटोप मुरगाव बंदरातील कोळशासाठी असल्याचा विरोधकांचा आक्षेप होता. कॅसलरॉक ते कुळे या टप्प्यातील दुपदरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने 9 मे 2022 रोजी रद्द केली. मात्र परिणामांचा सविस्तर अभ्यास करून नव्याने प्रस्ताव आणण्याची मुभा रेल्वेला राहिली.

दरम्यान, जानेवारी 2020 मध्ये शेजारच्या म्हादई अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मृतावस्थेत सापडले होते. म्हादई आणि लगतच्या संरक्षित वनांचा व्याघ्रप्रकल्प तीन महिन्यांत अधिसूचित करावा, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने जुलै 2023 मध्ये दिला. राज्य शासनाने त्यास सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले.