वर्गातील कालबद्ध निबंधलेखन : पूर्वतयारीचा विचार

ठरावीक मुदतीत निबंध लिहिताना विद्यार्थी मागे पडला, की त्याचे कारण हाताचा मंदपणा असे सामान्यतः मानले जाते. प्रस्तुत लेखकास हे निदान अपुरे वाटते. प्रश्न नेमके काय विचारतो आणि ठाऊक असलेल्यांपैकी काय वगळावे, याचा निर्णय वेळेवर न होणे हीच खरी अडचण होय.

बुलढाणा जिल्ह्यातील विद्यार्थ्यास परिचित असा एक विषय घेऊ : ‘लोणार सरोवराचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी का झाले?’ मुदत ४० मिनिटांची. विद्यार्थी उल्कापात, लवणासुराची आख्यायिका आणि दैत्यसूदनाचे मंदिर यांच्या वर्णनात रमतो. वेळ सरतो, आणि कारणमीमांसेस प्रारंभही होत नाही. माहिती खरी असते, पण ते उत्तर नव्हे. उत्तराच्या पायऱ्या तीनच : पाणी घटून क्षारता वाढली, त्या क्षारतेत लवणप्रिय सूक्ष्मजीव वाढून त्यांच्या रंगद्रव्याने पाणी रंगले, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलेल्या नमुन्यांत ते जीव तळाशी बसताच पाणी नितळ झाले, हा त्याचा पुरावा.

म्हणून सराव संपूर्ण निबंधापासून आरंभू नये. प्रथम काही तासिकांत केवळ ७ मिनिटे द्यावीत. तेवढ्यात विद्यार्थ्याने प्रश्नातील क्रियापद अधोरेखित करावे, एका वाक्यात उत्तर लिहावे आणि तीन मुद्दे क्रमाने मांडावेत. त्यानंतर एकेका मुद्द्याचा परिच्छेद १० मिनिटांत लिहवून घ्यावा. हे अंगवळणी पडल्यावरच ४० मिनिटांचा निबंध द्यावा, व त्यातील अखेरची ५ मिनिटे पुनर्वाचनासाठी राखावीत.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेणे अवश्य आहे. आपल्या अनेक विद्यार्थ्यांची घरची बोली वऱ्हाडी होय. विचार बोलीत स्फुरतो, आणि तो प्रमाणभाषेत आणताना वेळ खर्ची पडतो. टाचण वऱ्हाडीत करण्याची मोकळीक दिल्यास विचार खंडित होत नाही. भाषेचे संस्करण लिहिताना करता येते. टाचणाला गुण नसल्यामुळे यात कोणाचीही हानी नाही.

घड्याळ हे ज्ञानाचे मापक नव्हे. परंतु विषय जाणणारा विद्यार्थी केवळ आरंभ कोठून करावा हे न कळल्यामुळे अनुत्तीर्ण होत असेल, तर त्या अपयशाचा काही भाग अध्यापकांच्या खाती जमा करणेच न्याय्य ठरेल.