पाठ दुखतेय? 'कधी' दुखते ते आधी पाहा!

होस्टेलमध्ये मेसच्या जेवणाखालोखाल तक्रार कशाची होत असेल तर ती पाठीची! सबमिशनच्या आठवड्यात शीटवर वाकून, परीक्षेआधी कॉटवर पालथं पडून आणि एरवी लॅपटॉपपुढे पोक काढून बसल्यावर पाठ बोलणारच. बहुतेकांची ही कुरकुर चार-सहा आठवड्यांत आपोआप थांबते. पण काहींची पाठ सेमिस्टर संपलं तरी दुखतच राहते. मग रूममेट बाम चोळतो, घरचे गादी बदलायला सांगतात, आणि कुणीतरी 'मणक्यात गॅप आलाय' असं निदानही करून टाकतं. तीन महिन्यांवर टिकलेल्या दुखण्याचं कारण शोधायचं, तर 'कुठे दुखतं' याच्या जोडीला 'कधी दुखतं' हेही विचारायला हवं.

सुरुवात आपल्या मेकॅनिक्सपासून करू. पाण्याने भरलेली १५ किलोची बादली तुम्ही कण्यापासून ४० सेंमी अंतरावर धरलीत. तिला तोलणारे पाठीचे स्नायू कण्यापासून जेमतेम ५ सेंमीवर असतात. मोमेंट घ्या : १५ गुणिले ४० भागिले ५, म्हणजे १२० किलोचा ताण! वाकलेल्या धडाचं वजन यात धरलेलंच नाही. तीच बादली अंगाजवळ, २० सेंमीवर धरली की ताण ६० किलोवर येतो. अशा भारामुळे होणारं दुखणं वाकल्यावर, उचलल्यावर, तासन् तास बसल्यावर वाढतं आणि आडवं झालं की कमी होतं. वर्कशॉपमधले मामा असोत की ऑफिसमधले क्लार्क, बहुतेकांची पाठदुखी याच जातीची.

दुसरा प्रकार नस दबण्याचा. दोन मणक्यांमधली चकती मागे फुगून नसेला टेकली, की कळ कुल्ल्यातून निघून थेट पोटरीपर्यंत किंवा पावलापर्यंत जाते. पायाला मुंग्या येतात. खोकलं, शिंकलं की कळ वाढते. हीच सायटिका. तीही बऱ्याच जणांची ऑपरेशनशिवाय बरी होते. मात्र नुसत्या एमआरआयच्या रिपोर्टने घाबरू नका. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, पाठ अजिबात दुखत नसलेल्या विशीतल्या माणसांपैकीसुद्धा ३७ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या होत्या. म्हणजे रिपोर्टमधला 'गॅप' हेच दुखण्याचं कारण असेल असं नाही.

आता तिसरा प्रकार, आणि तो आपल्या वयाचा आहे म्हणून जरा नीट वाचा. काहींची पाठ विश्रांतीने उलट जास्त दुखते. पहाटे दुखण्याने जाग येते. सकाळी उठल्यावर पाठ अर्धा तास किंवा जास्त वेळ आखडलेली राहते आणि हिंडलं-फिरलं की मोकळी होते. कधी डावा कुल्ला दुखतो, कधी उजवा. ही सूज येऊन होणारी पाठदुखी. तिच्या मागे अँकिलोसिंग स्पाँडिलायटिस नावाचा संधिवात असू शकतो. 'संधिवात म्हणजे आजोबांचा आजार' असं आपण समजतो, पण हा बहुधा विशी-तिशीत सुरू होतो. मुलींनाही होतो, आणि त्यांच्यात तो उशिरा ओळखला जातो. डोळा लाल होऊन दुखणं, टाच दुखणं या त्याच्या सोबतच्या खुणा.

यातली खरी अडचण अशी, की सुरुवातीला एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो. मग 'अभ्यास टाळायचं निमित्त' म्हणून दुखणं हसण्यावारी जातं. निदान व्हायला सरासरी सहा-सात वर्षं लागतात. तेवढ्यात काहींचे मणके एकमेकांना जोडले जाऊ लागतात, आणि ते परत सुटे होत नाहीत. एचएलए-बी२७ या जनुकाशी या आजाराचं नातं १९७३ साली लक्षात आलं. पण ती रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहेच असं नव्हे. शंका असेल तर संधिवाततज्ज्ञांना दाखवा. रोजचा व्यायाम, सिगारेट बंद आणि योग्य औषधं यांनी हा आजार आज चांगला आटोक्यात ठेवता येतो.

आपल्या देशात आणखी एक कारण विसरून चालत नाही : मणक्याचा टीबी. यात खोकला असेलच असं नाही. पाठीत एकाच जागी सतत दुखणं, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणं अशा खुणा दिसल्या तर लगेच तपासणी करा. टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. ती सांगितलेला पूर्ण काळ घ्यावी लागतात.

आणि कधीकधी मूळ इजा भरून निघालेली असते, तरी पाठ दुखतच राहते. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या भाषेत, अॅम्प्लिफायरचा गेन वाढलेला असतो : छोट्या सिग्नलचाही मोठा आवाज! जागरण, परीक्षेचा ताण आणि हालचालीची भीती हा गेन वाढवतात. म्हणून हे दुखणं खोटं ठरत नाही. पुरेशी झोप आणि हळूहळू वाढवलेला व्यायाम हा त्यावरचा उपाय.

पुढीलपैकी काहीही झालं तर मात्र वाट पाहू नका : लघवी अडकणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा येणं, पायातली ताकद कमी होणं. त्याच रात्री रेक्टरांना उठवा आणि हॉस्पिटल गाठा. पडल्या-आपटल्यानंतरची जोराची पाठदुखी किंवा पूर्वी कॅन्सर झालेल्या माणसाची नवी पाठदुखी, हीसुद्धा लवकर दाखवायला हवी.

बाकीच्यांनी एवढं करा. आठवडाभर वहीत लिहून ठेवा : पाठ किती वाजता दुखली, कशाने वाढली, कशाने थांबली, सकाळी किती मिनिटं आखडली होती. मेडिकलवाल्याकडून महिनोन् महिने वेदनाशामक गोळ्या आणून खाण्यापेक्षा ही वही घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि रूममेटची पाठ रोज पहाटे दुखत असेल, तर त्याची चेष्टा करण्याऐवजी त्याला हा लेख वाचायला द्या!