मेंदूतील गाठ आणि तिच्या भोवतालचा मेंदू

॥ श्री ॥



प्रौढ वयात प्रथमच फेफरे आले, किंवा माणसाचा स्वभाव अकस्मात पालटला, की 'बाधा' झाली असे समजून आधी कौल घेण्यास येण्याची रीत आपल्या भागात जुनी आहे. अशा लक्षणांमागे अनेक कारणे असू शकतात. क्वचित मेंदूतील गाठही असते. ती भोवतालच्या मेंदूशी कशी वागते, हे समजावे या हेतूने हा लेख देत आहोत.

सर्व गाठी सारख्या नसतात. मेंदूच्या आवरणातून उद्भवणाऱ्या 'मेनिंजिओमा' प्रकारच्या बहुतेक गाठी मेंदूला बाहेरून दाबतात व पुष्कळदा पूर्ण काढता येतात. 'ग्लायोमा' मात्र मेंदूच्या आतच, मज्जापेशींना आधार देणाऱ्या पेशींच्या कुळात जन्मते. तिला आंब्यावरील बांडगुळाची उपमा शोभेल. झुपका फांदीवर दिसतो, पण मुळे लाकडात शिरून झाडाचेच पाणी पितात; झुपका छाटला तरी आत उरलेल्या मुळातून तो पुन्हा फुटतो. १९२८ साली अमेरिकेतील शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी अशा रुग्णांच्या मेंदूचा उजवा अर्धगोल काढल्याची माहिती प्रसिद्ध केली. तरीही या रोगाचे निर्मूलन साधले नाही.

गाठीतील नव्या रक्तवाहिन्या गळक्या असतात. त्यांतून पाणी झिरपून आसपास सूज येते. कवटी हाडाची, तिला पसरता येत नाही. म्हणून आत दाब वाढून पहाटे डोके दुखणे, ओकारी होणे, अंधुक दिसणे ही लक्षणे उद्भवतात. स्टेरॉइडने सूज उतरते व रुग्णास लवकर बरे वाटते. परंतु गाठ तशीच असते. ते औषध स्वतःहून बंद करू नये.

मेंदूचे राखणदार असलेल्या 'मायक्रोग्लिया' पेशींनाही ग्लायोमा आपल्या बाजूस वळवून घेते. तिने सोडलेल्या ग्लुटामेट या द्रव्याने शेजारच्या मज्जापेशी उत्तेजित होतात व फेफरे येऊ शकते. २०१९ साली अमेरिका व जर्मनीतील संशोधकांनी दाखवून दिले की, मज्जापेशी आणि या गाठीच्या पेशी यांच्यात प्रत्यक्ष जोडण्या तयार होतात व त्यांतून येणारे संदेश गाठीच्या वाढीस पोषक ठरतात. याचा अर्थ रुग्णाच्या चिंतेने वा विचारांनी रोग झाला असा मुळीच नव्हे.

गाठ आणि मेंदू असे गुंतलेले असल्याने वाचा किंवा हातपाय राखण्यासाठी शल्यविशारदास काही भाग जाणूनबुजून ठेवावा लागतो. तो निष्काळजीपणा नव्हे. पुढे गरजेनुसार किरणोपचार व औषधे देतात.

तेव्हा सर्वांस विनंती की, कोणास फेफरे आल्यास त्यास कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात वा बांबोळीस न्यावे. कौल मागाहून घेता येतो. श्रींचा प्रसाद रुग्णाच्या उशाशी अवश्य असावा; मात्र त्यासाठी उपचारास विलंब होऊ नये.

सर्वांस आरोग्य लाभो, ही श्रीचरणी प्रार्थना.

– सचिव, देवस्थान समिती, हळर्ण