तळाचा सूर : जे. डी. समनर

अमुक एकाच्या आवाजाला चांगला ‘बेस’ आहे, असे आपण सहज बोलून जातो. कीर्तनकाराला, सूत्रसंचालकाला, निवडणुकीच्या रिक्षातून पुकारा करणाऱ्यालासुद्धा हे प्रशस्तिपत्र मिळते. पण नुसत्या या बेसवर आयुष्यभर पोट भरणारे आणि त्यातच नाव काढणारे गायक अमेरिकेच्या दक्षिण भागात होऊन गेले. त्यांत जे. डी. समनर यांचे नाव आजही आधी घेतले जाते. एल्व्हिस प्रेस्लीची सत्तरच्या दशकातली गाणी ज्यांनी ऐकली आहेत, त्यांच्या कानावरून हा आवाज गेलेला आहे. तो कोणाचा, हे मात्र बहुतेकांना ठाऊक नसते. मलाही हा माणूस सापडला तो एल्व्हिसच्या कॅसेटींमुळेच.

आधी हा गाण्याचा प्रकार काय ते सांगतो. दक्षिणेतल्या गोऱ्या, कष्टकरी कुटुंबांत ख्रिस्ती भक्तिगीते चार पुरुषांनी मिळून गाण्याची रीत विसाव्या शतकाच्या आरंभी रुजली. तिला सदर्न गॉस्पेल म्हणतात आणि चौघांच्या संचाला क्वार्टेट. (चौकडी म्हटले असते, पण आपल्याकडे त्या शब्दाआधी ‘चांडाळ’ आपोआप येऊन बसतो!) सर्वांत वर टेनर, मग मुख्य चाल गाणारा लीड, त्याखाली बॅरिटोन आणि तळाला बेस. चौघांचे सूर वेगळे, पण शब्द आणि ठेका एक. गोव्यातल्या चर्चचे गायनवृंद ऐकलेल्यांना ही चार थरांची रचना नवी वाटणार नाही. आपल्या भजनात सगळे एकच चाल गातात, त्यामुळे आपला कान वरच्या चालीमागे धावतो. क्वार्टेट ऐकताना कान मुद्दाम खाली न्यावा लागतो. तबल्याचे बोल ऐकताना नुसत्या डग्ग्याकडे लक्ष द्यावे, तसा.

या भक्तीच्या मुळाशी चोख व्यापारही होता. टेनेसी राज्यातल्या लॉरेन्सबर्ग गावचे प्रकाशक जेम्स व्हॉन यांनी 1910 साली पगारी क्वार्टेट दौऱ्यावर पाठवले, ते आपली गाण्यांची पुस्तके खपावीत म्हणून! भजनाच्या पुस्तकांच्या दुकानदाराने पदरी भजनी मंडळ ठेवावे, तसा हा प्रकार. पुढे टेक्सासच्या स्टॅम्प्स कंपनीने तोच कित्ता गिरवला. कृष्णवर्णीयांची क्वार्टेट परंपरा तितकीच समृद्ध होती. दोन्हींत सूर आणि गाणी यांची देवघेव चाले, पण वर्णभेदाच्या त्या काळात रंगमंच वेगळे आणि श्रोतेही वेगळे. मेम्फिस शहरात वाढणाऱ्या एल्व्हिसने दोन्हींकडचे ऐकले, हे पुढे महत्त्वाचे ठरले.

समनर यांचा जन्म 1924 साली फ्लोरिडातल्या लेकलँडचा. अगदी लहानपणी त्यांनी फ्रँक स्टॅम्प्स या बेस गायकाला ऐकले आणि आपणही असेच गायचे असे ठरवून टाकले. मुले गाण्याकडे वळतात ती बहुधा उंच, चमकदार आवाजाच्या ओढीने. या मुलाला मोह पडला तो ढाल्या सुराचा. पुढे सनशाइन बॉईजसारख्या संचांतून गात ते तिशीजवळ पोहोचले.

त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी संधी एका अपघातातून आली. त्या काळी मेम्फिसचे ब्लॅकवुड ब्रदर्स हे क्वार्टेट ऐन भरात होते. जून 1954 मध्ये न्यूयॉर्कच्या दूरचित्रवाणीवर आर्थर गॉडफ्री यांच्या स्पर्धेत ते पहिले आले. त्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी, 30 जून रोजी, अलाबामातल्या क्लँटन येथे कार्यक्रमासाठी गेले असता त्यांचे स्वतःचे छोटे विमान कोसळले. आर. डब्ल्यू. ब्लॅकवुड आणि बेस गायक बिल लाइल्स जागीच गेले. मेम्फिसच्या एलिस ऑडिटोरियममध्ये झालेल्या अंत्यविधीला लोटलेल्या गर्दीत एकोणीस वर्षांचा एल्व्हिसही होता. त्याच आठवड्यात, 5 जुलैला, त्याने पहिली रेकॉर्ड गायली. लाइल्स यांच्या रिकाम्या जागी समनर आले. ज्या सुरावर सगळ्यांचे प्रेम, त्याच्याच जागी उभे राहून रोज गायचे, ही परीक्षा सोपी नव्हे. त्यांनी ती अकरा वर्षे दिली.

अपघातानंतर विमानप्रवास बंद झाला. मोटारीत कोंबून रात्रभर प्रवास करायचा, तर सकाळी घसा आणि पाठ दोन्ही धरलेली. समनर यांनी जुनी बस घेऊन तिच्यातल्या खुर्च्या काढाव्यात आणि झोपायला बर्थ बसवावेत, अशी कल्पना मांडली. 1955 च्या सुमारास ती अमलात आली. अमेरिकेतल्या गायकांच्या अशा बसगाड्यांचा उगम बहुतेक जण इथेच धरतात. आपल्याकडे नाटक कंपनीची गाडी ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना या कल्पनेचे मोल सांगायला नको. कलावंताचे निम्मे आयुष्य रस्त्यावर जाते. ते निम्मे सुसह्य करणारा माणूस मला कुठल्याही विक्रमवीरापेक्षा मोठा वाटतो.

जेम्स ब्लॅकवुड यांच्यासोबत त्यांनी 1957 मध्ये मेम्फिसला नॅशनल क्वार्टेट कन्व्हेन्शन सुरू केले. सगळी क्वार्टेट्स एका ठिकाणी येऊन अनेक दिवस गातात, असा तो मेळा. पुढे तो नॅशव्हिलला आणि मग लुइव्हिलला गेला आणि 2014 पासून टेनेसीतल्या पिजन फोर्जला भरू लागला.

आता एल्व्हिस. मेम्फिसमध्ये रात्रभर चालणाऱ्या गॉस्पेलच्या मैफलींना हा गरीब घरचा पोरगा नेमाने यायचा. एकदा तो दिसला नाही. नंतर समनर यांनी विचारले तेव्हा तिकिटाला पैसे नव्हते, असे कळले. पुढच्या वेळी थेट रंगमंचाच्या मागच्या दाराशी ये, असे त्यांनी त्याला सांगितले. ही हकिकत समनर स्वतः सांगत. क्वार्टेटमध्ये गायचे हे त्या मुलाचे खरे स्वप्न. तरुणांच्या एका संचात त्याने प्रयत्नही करून पाहिला, पण त्याला घेतले गेले नाही. 1958 साली त्याची आई वारली तेव्हा तो जगप्रसिद्ध होता, आणि तिच्या अंत्यविधीला गायला ब्लॅकवुड ब्रदर्स होते.

समनर 1965 मध्ये स्टॅम्प्स क्वार्टेटमध्ये गेले आणि 1971 च्या नोव्हेंबरपासून हे क्वार्टेट एल्व्हिसच्या दौऱ्यांत साथीला उभे राहू लागले. मागच्या दाराने आत घेतलेल्या पोराने आता त्यांना जगातल्या सर्वांत झगमगत्या मंचावर नेले होते. गॉस्पेलच्या जगात यावरून नाराजीही झाली. जुगाराच्या शहरात, रॉकच्या गायकामागे भक्तिगीते गाणाऱ्यांनी उभे राहावे काय? ही शंका मला अगदी परकी वाटत नाही. अभंग सिनेमात आणि ऑर्केस्ट्रात गेले तेव्हा आपल्याकडेही भुवया उंचावल्याच होत्या. पण 1972 च्या ‘एल्व्हिस ऑन टूर’ या चित्रपटात एक जागा आहे. एल्व्हिस प्रेक्षकांना शांत राहायला सांगतो, स्टॅम्प्सना भक्तिगीत गायला लावतो आणि स्वतः बाजूला उभा राहून ऐकतो. त्याचा तो चेहरा पाहिल्यावर मला तरी हा वाद निरर्थक वाटला. एल्व्हिसला गाण्यासाठी मिळालेली तिन्ही ग्रॅमी पारितोषिके भक्तिसंगीताची आहेत. त्यांतले शेवटचे 1974 मधल्या मेम्फिसच्या कार्यक्रमातील गाण्याला मिळाले. साथीला स्टॅम्प्सच होते. ऑगस्ट 1977 मध्ये त्याच्या अंत्यविधीलाही ते गायले.

आपल्याकडे खर्ज हा रियाजाचा भाग. पहाटे उठून खर्ज लावायचा, आवाज तयार करायचा. ध्रुपदिये सोडले, तर मैफलीत फारसे कोणी तेथे रेंगाळत नाही. समनर यांचे वेगळेपण असे की इतरांची जी तयारी, ती त्यांची मैफल होती. स्टेट्समेन क्वार्टेटचे ‘चीफ’ वेदरिंग्टन हे त्यांच्या काळचे दुसरे मोठे बेस गायक. आवाजाच्या गोडव्यात त्यांना सरस मानणारे जाणकार आहेत, आणि मला त्यांचे म्हणणे पटते. समनर यांनी केले ते निराळेच. गाणे संपता संपता सूर पायरी पायरीने खाली न्यायचा, श्रोत्यांनी ‘आता थांबेल’ म्हणावे आणि याने आणखी एक पायरी उतरावी! हे वळण पुढच्या बेस गायकांनी उचलले. त्यांच्या हाताखाली स्टॅम्प्समध्ये गायलेले रिचर्ड स्टर्बन 1972 मध्ये ओक रिज बॉईजमध्ये गेले, आणि 1981 च्या ‘एल्व्हायरा’ या कंट्री गाण्यातल्या त्यांच्या बेसच्या ओळीने हा गॉस्पेलचा तळ घराघरांत पोहोचवला.

1998 च्या नोव्हेंबरमध्ये, चौऱ्याहत्तरावा वाढदिवस तीन दिवसांवर असताना, समनर गेले. दौऱ्यावर असताना, साउथ कॅरोलायनातल्या मर्टल बीचच्या एका हॉटेलात, झोपेत.

गिनीज बुकाने त्यांची सर्वांत खालच्या सुरासाठी नोंद घेतली होती. तो विक्रम नंतर टिम स्टॉर्म्स यांनी मोडला. पण समनर यांचा तो सूर आपल्याला आजही ऐकता येतो. एल्व्हिसच्या हयातीतले शेवटचे गाजलेले गाणे ‘वे डाउन’. ऑक्टोबर 1976 मध्ये त्याच्या घरीच ते ध्वनिमुद्रित झाले, आणि त्याच्या मृत्यूनंतर ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्याच्या अगदी शेवटी समनर पियानोच्या मधल्या ‘सी’पासून तीन सप्तके खाली उतरतात. सेकंदाला तेहेतीसच्या आसपास कंपने. मोबाईलच्या स्पीकरवर शोधू नका, तेथे नुसती खरखर ऐकू येईल. घरात जुना, मोठ्या स्पीकरचा डेक अजून चालू असेल तर त्यावर लावा, आणि स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवा.