शिरेतून आत जाऊन वाढणारं औषध

गोळी घेतली की ती विरघळते, आपलं काम करते आणि शरीराबाहेर पडते. पण एखादं औषध आत गेल्यावर वाढायलाच लागलं तर? एकाचे दोन, दोनाचे चार होत कर्करोगाच्या पेशी हुडकून मारू लागलं तर? असं औषध आज आहे, आणि ते रुग्णाच्याच रक्तातून तयार होतं!

त्याचा कच्चा माल म्हणजे टी पेशी. भुसाराच्या दुकानात पोत्यांची तोंडं उघडी ठेवून माल दाखवतात ना, तशी आपली जवळजवळ प्रत्येक पेशी आतल्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर मांडून ठेवते. टी पेशी हे नमुने चाचपत हिंडते. एखादा खटकला, की त्या पेशीला बिलगून तिच्या आवरणाला भोकं पाडते आणि आत अशी रसायनं सोडते की ती पेशी स्वतःच स्वतःला संपवते. शेजारची निरोगी पेशी मात्र शाबूत!

मग कर्करोग निसटतो कसा? एक तर तो आपल्याच पेशींतून उपजलेला, त्यामुळे त्याचे नमुने फारसे खटकत नाहीत. वर कित्येक कर्कपेशी नमुने मांडणंच बंद करतात.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस इस्रायलच्या वाइझमन संस्थेत झेलिग एश्हार यांनी यावर तोड काढली. अँटीबॉडीला नमुने लागत नाहीत, ती पृष्ठभागावरचं प्रथिन थेट पकडते. मग तिचं टोक टी पेशीवर बसवलं तर? त्यातूनच पुढे ‘कार-टी’ उपचार आले. हे टोक घडवणारं जनुक टी पेशीत पोचवायला अनेकदा काय वापरतात, माहीत आहे? एचआयव्हीपासून घडवलेला, रोग करण्याची ताकद काढून घेतलेला विषाणू! आपली जनुकं पेशीच्या जनुकांत कायमची गुंफण्यात तो पटाईत आहे.

२०१२ साली फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला अशा पेशी दिल्या. तिचा ल्युकेमिया केमोथेरपीला दाद देत नव्हता. पेशी कामाला लागल्या, पण त्या धुमश्चक्रीत ताप भडकला आणि मुलगी व्हेंटिलेटरवर गेली. रक्तात आयएल-६ हे रसायन प्रचंड वाढलं होतं. ते थोपवणारं संधिवाताचं औषध संशोधक कार्ल जून यांना ठाऊक होतं, कारण त्यांच्या स्वतःच्या मुलीला संधिवात होता. ते दिलं, ताप उतरला आणि एमिली शुद्धीवर आली ती नेमकी सातव्या वाढदिवशी! तिचा कर्करोग नाहीसा झाला होता.

त्याआधी, २०१० साली उपचार घेतलेल्या दोन रुग्णांच्या रक्तात दहा वर्षांनंतरही या पेशी जिवंत सापडल्या. एकदाच दिलेलं औषध, आणि दशकभर कामावर!

मुंबईत आयआयटीचे राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांनी मिळून घडवलेल्या ‘नेक्सकार१९’ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३मध्ये मान्यता मिळाली. अमेरिकेतल्या किमतीच्या साधारण दहाव्या हिश्श्यात हा उपचार इथे होऊ लागला, ही मला तितकीच मोठी गोष्ट वाटते.

फुप्फुसाच्या किंवा स्तनाच्या गाठींपुढे मात्र हे अजून अडखळतं. एमिलीला दिलेल्या पेशी ‘सीडी१९’ ही खूण शोधतात. ती अँटीबॉडी बनवणाऱ्या निरोगी बी पेशींवरही असते, म्हणून त्याही मरतात. पण बी पेशींवाचून माणूस बाहेरून अँटीबॉडी घेऊन जगू शकतो; गाठीवरची खूण निरोगी फुप्फुसावरही असली, तर फुप्फुसावाचून कसा जगणार? म्हणून काही प्रयोगशाळा आता अशा टी पेशी घडवत आहेत, ज्या दोन वेगवेगळ्या खुणा एकत्र आढळल्या तरच हल्ला करतील.